चिअरलीडिंग स्पर्धेत एकसारखे गुणांकन: आयोजक आणि परीक्षकांसाठी पायरीपायरीने

चिअरलीडिंगच्या स्पर्धेत निकालावरून वाद झाला की बोट परीक्षकांकडे दाखवले जाते. प्रत्यक्षात चूक बहुधा त्याच्या कितीतरी आधी, गुणपत्रिका तयार करतानाच झालेली असते. एका परीक्षकाच्या लेखी दहापैकी सात म्हणजे ‘छान’ आणि शेजारी बसलेल्याच्या लेखी सात म्हणजे ‘जेमतेम’ असेल, तर दोघेही प्रामाणिक असूनही त्यांच्या गुणांची बेरीज निरर्थक ठरते. कोकणात तर अशा स्पर्धेला परीक्षक म्हणून बसणारी मंडळी वेगवेगळ्या क्षेत्रांतून येतात: कुणी शारीरिक शिक्षणाचे शिक्षक असतात, कुणी जिम्नॅस्टिक्सचे किंवा मल्लखांबाचे प्रशिक्षक, कुणी स्नेहसंमेलनात समूहनृत्ये बसवणारे. प्रत्येकाची नजर आपापल्या कलेत तयार झालेली असते आणि ती बदलायची गरज नाही. लिहिलेल्या आकड्याचा अर्थ मात्र सर्वांसाठी एकच असला पाहिजे, आणि तो पहिला संघ मॅटवर येण्यापूर्वी ठरलेला असला पाहिजे.

पुढील पायऱ्या तालुका किंवा जिल्हा पातळीवरच्या, दहा-पंधरा संघांच्या स्पर्धेसाठी आहेत. त्यांचा क्रम बदलू नये. सर्रास दिसणारा क्रम असा असतो की आधी प्रमुख पाहुणे ठरतात, मग परीक्षक, मग निमंत्रणपत्रिका छापली जाते, आणि गुणपत्रिका स्पर्धेच्या दिवशी सकाळी झेरॉक्सच्या दुकानात जन्माला येते.

## पायरी १: प्रकार, स्तर आणि वेळ लेखी ठरवा

आंतरराष्ट्रीय चिअर युनियन, म्हणजे आयसीयू, टीम चिअर आणि परफॉर्मन्स चिअर हे दोन वेगळे प्रकार मानते. टीम चिअरमध्ये स्टंट (एकीला उचलून वर धरणे), पिरॅमिड (असे स्टंट एकमेकांना जोडून केलेली रचना), बास्केट टॉस (एकीला हवेत उंच उडवून झेलणे) आणि टम्बलिंग (कोलांट्या) येते. परफॉर्मन्स चिअरमध्ये पॉम, हिपहॉप, जॅझ असे नृत्यप्रधान उपप्रकार येतात. हातात पॉमपॉम घेऊन नाचणारा संघ आणि मुलीला खांद्याच्या उंचीवर उभी करणारा संघ यांना एकाच यादीत क्रमांक देता येत नाहीत, कारण त्यांची मोजमापेच वेगळी आहेत. संघ कमी असले तरी दोन निकाल लावावेत. एका गटात दोनच संघ उरले तरी हरकत नाही.

त्यानंतर स्तर, म्हणजे कौशल्ये किती अवघड असू शकतात त्याची मर्यादा, ठरवावा. नव्याने सुरुवात करणाऱ्या शाळांसाठी पहिला स्तर पुरेसा आहे. ढोबळमानाने सांगायचे तर पहिल्या स्तरावर दोन पायांवरचा (वरची मुलगी दोन्ही पायांवर उभी असलेला) स्टंट खांद्याच्या उंचीपर्यंत आणि एका पायावरचा स्टंट कमरेच्या उंचीपर्यंत जातो. दुसऱ्या स्तरावर दोन पायांवर, उचलणाऱ्यांनी हात पूर्ण वर ताणून धरलेले एक्स्टेन्शन आणि एका पायावर खांद्याची उंची चालते. नेमक्या मर्यादांसाठी त्या हंगामाची नियमावलीच समोर ठेवावी, कारण तिच्यात फेरबदल होत असतात. संगीतावरच्या सादरीकरणासाठी २ मिनिटे ३० सेकंदांची कमाल मर्यादा आंतरराष्ट्रीय स्पर्धांत रूढ आहे आणि शालेय स्पर्धेलाही ती पुरते.

सावधान: लाकडी किंवा सिमेंटच्या उघड्या जमिनीवर बास्केट टॉस ठेवूच नये. मॅट पुरेशा नसतील तर तो विभाग गुणपत्रिकेतून काढून टाकावा आणि हे परिपत्रकात लिहावे. ‘ज्यांना जमेल त्यांनी करावे’ अशी मोकळीक दिल्यास गुणांच्या लोभाने कुणीतरी ते करतेच.

तपासणी: प्रकार, स्तर, सदस्यसंख्या, वेळ आणि बंदी असलेली कौशल्ये हे सारे एका पानावर मावते का? ते पान स्पर्धेच्या किमान महिनाभर आधी प्रत्येक प्रशिक्षकाच्या हाती पडले पाहिजे.

## पायरी २: गुणपत्रिका चिअरलीडिंगची बनवा, समूहनृत्याची नको

नृत्य २०, ताल २०, वेशभूषा २०, सादरीकरण २०, एकूण परिणाम २०: ही पत्रिका आपल्याकडच्या बहुतेक परीक्षकांच्या ओळखीची आहे आणि चिअरलीडिंगसाठी ती सर्वस्वी निरुपयोगी आहे. तिच्यात स्टंटला जागाच नाही, ‘सादरीकरण’ आणि ‘एकूण परिणाम’ या दोन नावांखाली एकाच छापासाठी दोनदा गुण दिले जातात, आणि ज्या शाळेला पोशाखावर खर्च करणे परवडते तिला पाचवा हिस्सा मॅटवर येण्यापूर्वीच मिळतो. पोशाख सुरक्षित आणि नियमात बसणारा असावा, एवढेच पाहावे. त्याला गुण नसावेत.

आयसीयूच्या टीम चिअर गुणपत्रिकेतील शंभर गुणांची विभागणी आधाराला घेता येते. तिच्यात घोषणांच्या भागाला १०, स्टंटना २५, पिरॅमिडना २५, बास्केट टॉसला १५, टम्बलिंगला १०, हालचालींच्या ओघाला व जोडणीला ५ आणि एकंदर सादरीकरण, प्रेक्षकांवरील प्रभाव व नृत्य यांना मिळून १० गुण आहेत. बास्केट टॉस वगळल्यास ते १५ गुण कुठे जातात हे आयोजकांनी ठरवावे. माझ्या मते शालेय पातळीवर ते घोषणा आणि टम्बलिंग यांत वाटावेत; स्टंट आणि पिरॅमिडमध्ये घातल्यास उंचीचा मोह आणखी वाढतो.

स्टंट आणि पिरॅमिड या दोन विभागांचे पोटविभाग करणे अत्यावश्यक आहे: एक काठिण्य, दुसरा सफाई. स्टंटच्या २५ गुणांपैकी १० काठिण्याला आणि १५ सफाईला द्यावेत. काठिण्याला जास्त गुण ठेवले, तर प्रशिक्षक शेवटच्या आठवड्यात न पेलणारे स्टंट बसवतात. सफाईला जास्त ठेवले, तर सोपा स्टंट नीट करण्याकडे त्यांचा कल राहतो. मुले पडण्याचे प्रमाण कमी करण्याचा याहून स्वस्त उपाय आयोजकांच्या हाती नाही.

घोषणांच्या विभागात एक स्थानिक बाब ठरवून घ्यावी. घोषणा मराठीत, मालवणीत की इंग्रजीत, याला गुण नसावेत. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोचतात का, हातांच्या हालचाली शब्दांना धरून आहेत का आणि प्रेक्षक साथ देतात का, एवढेच मोजावे. एखादी खुमासदार मालवणी घोषणा ऐकून सगळे सभागृह हसेल, परीक्षकही हसतील. तरी त्या हशाचे गुण ‘प्रेक्षकांची साथ’ या एकाच रकान्यात गेले पाहिजेत.

## पायरी ३: प्रत्येक विभागाचे गुणपट्टे लिहा

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा. गुणपट्टा म्हणजे ‘अमुक दिसले तर अमुक ते अमुक याच मर्यादेत गुण द्यायचे’ अशी लेखी रेघ. पट्टे नसतील तर परीक्षक शून्यापासून दहापर्यंत मोकळे सुटतात आणि उदार परीक्षकाचे आकडे आठ-नऊच्या आसपास घोटाळतात, तर कडक परीक्षकाचे चारपासून नऊपर्यंत पसरतात.

पहिल्या स्तराच्या स्टंटचे काठिण्य, दहापैकी, उदाहरणादाखल असे बांधता येते:

- ५ ते ६: मांडीवर उभे राहण्याचे स्टंट, किंवा पुढच्या पट्ट्यातले कौशल्य, पण निम्म्या किंवा त्याहून कमी गटांनी केलेले.
- ६.५ ते ८: दोन पायांवर खांद्याच्या उंचीचा स्टंट, निम्म्याहून अधिक गटांनी एकाच वेळी केलेला.
- ८.५ ते १०: वरील स्टंट, शिवाय एका पायावर कमरेच्या उंचीचा स्टंट, दोन्ही निम्म्याहून अधिक गटांनी आणि दोहोंच्या मध्ये थबकून न राहता जोडलेले.

स्टंट केलाच नाही तर शून्य. ‘मुलांनी मेहनत घेतली आहे’ म्हणून तीन गुण देण्याची सवय मोडावी लागते, कारण पट्ट्याखालचा आकडा आला की पट्ट्याला अर्थ उरत नाही.

‘निम्म्याहून अधिक’ म्हणजे किती, यावर सर्वाधिक घोळ होतो. मोजणी मुलांच्या डोक्यांची नसून स्टंट-गटांची असते. दोन बेस (खालून पेलणारे), एक बॅकस्पॉट (मागून आधार देणारा) आणि वर उचलली जाणारी फ्लायर असा चार जणांचा गट धरला, तर १६ जणांच्या संघातून चार गट निघतात आणि निम्म्याहून अधिक म्हणजे तीन. बारा जणांतून तीन गट, म्हणून दोन. दहा जणांतून दोनच पूर्ण गट निघतात, म्हणून दोन्ही गटांनी स्टंट केला पाहिजे. ही कोष्टकाची पट्टी गुणपत्रिकेच्या वरच्या कोपऱ्यात छापावी, म्हणजे परीक्षकाला सादरीकरण चालू असताना मनात भागाकार करावा लागणार नाही.

सफाईचे पट्टे शब्दांत बांधावे लागतात. पंधरापैकी १३ ते १५ गुण तेव्हाच, जेव्हा फ्लायरचे गुडघे ताठ असतात, बेसचे पाय जागचे हलत नाहीत, सर्व गट एकाच ठोक्यावर वर जातात आणि उतरताना फ्लायरला अलगद झेलले जाते. यांतील एखाद-दुसऱ्या गोष्टीत उणीव असेल तर १० ते १२.५. बहुतेक गटांत पाय हलत असतील, वेळ चुकत असेल, झेलणे धसमुसळे असेल तर ७ ते ९.५. प्रत्यक्षात हे कसे वापरायचे ते पाहा. सोळा जणांच्या संघाचे चारही गट खांद्याच्या उंचीचा स्टंट उचलतात. तीन गटांच्या फ्लायर ताठ उभ्या आहेत, चौथीचा उजवा गुडघा वाकलेला आहे आणि तिचा डावीकडचा बेस तोल सावरण्यासाठी अर्धे पाऊल मागे सरकतो. तीन गटांनी निम्म्याची अट ओलांडली आहे, म्हणून काठिण्य ६.५ ते ८ या पट्ट्यातच राहते. चौथ्या गटासाठी तिथे काहीही कापायचे नाही. सफाईत मात्र संघ वरच्या पट्ट्यातून मधल्या पट्ट्यात येतो, आणि उणीव एकाच गटात असल्याने त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला, म्हणजे १२ किंवा १२.५ वर थांबतो. एकच दोष दोन्ही रकान्यांत कापणे ही परीक्षकांची नेहमीची चूक आहे.

पिरॅमिडच्या पट्ट्यांत उंचीचा उल्लेख जपून करावा. गोविंदा पथकांचे थर मोजत वाढलेली आपली नजर पिरॅमिड दिसला की आपोआप थर मोजू लागते. चिअरलीडिंगमध्ये मात्र प्रौढांच्या सर्वोच्च स्तरावरही पिरॅमिड अडीच माणसांच्या उंचीपलीकडे नेता येत नाही आणि शालेय स्तरांवर तो दोन माणसांच्या उंचीतच राहतो. उंचीला मर्यादा असल्याने गुण मिळतात ते रचनेत शिरण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या पद्धतीला, एका रचनेतून दुसऱ्या रचनेत जाण्याला आणि फ्लायरच्या एकमेकींना असलेल्या जोडणीला. जो संघ तिसरा थर लावतो त्याला जास्त गुण मिळत नाहीत, त्याच्यावर वजावट लागते. परीक्षकांना हे तोंडी सांगून भागत नाही. पट्ट्याच्या शेजारी छापावे.

तपासणी: पट्टे तयार झाल्यावर ते चिअरलीडिंगशी संबंध नसलेल्या एखाद्या शिक्षकाला वाचायला द्यावेत. ‘प्रभावी’, ‘आकर्षक’, ‘उत्कृष्ट’ असे शब्द कुठेही उरले असतील, तर त्या जागी डोळ्यांना दिसणारी गोष्ट लिहावी.

## पायरी ४: वजावटीचा तक्ता वेगळा ठेवा

वजावट एकाच व्यक्तीने, एकदाच आणि अंतिम गुणांतून करायची असते. शंभर गुणांच्या पत्रिकेसाठी पुढील आकडे सुचवतो: टम्बलिंगमध्ये हात किंवा गुडघा टेकल्यास ०.५, स्टंट ठरलेल्या वेळेआधी खाली आल्यास १, स्टंट किंवा पिरॅमिडमधून कुणी जमिनीवर पडल्यास २, वेळ ३ सेकंदांहून जास्त ओलांडल्यास १ आणि १० सेकंदांहून जास्त ओलांडल्यास ३, स्तराबाहेरचे कौशल्य केल्यास प्रत्येक वेळी ५. हे आकडे बदलले तरी चालतील. शेवटची वजावट मात्र इतकी मोठी हवी की बंदी असलेला स्टंट करून कुणालाही एकूण गुणांत नफा होऊ नये.

सावधान: फ्लायर पडली की गुण देणारे तिन्ही परीक्षक दचकतात आणि ‘सफाई’, ‘ओघ’, ‘सादरीकरण’ या तिन्ही रकान्यांत हात आखडता घेतात. मग वजावट वेगळी होतेच. एका पडण्याची किंमत अशा रीतीने आठ-दहा गुणांवर जाते. पडण्याची नोंद वजावटीत होते. गुण देणाऱ्यांनी उरलेले सादरीकरण जसे दिसले तसे मोजावे.

## पायरी ५: परीक्षक मंडळ नेमा आणि कामे वाटा

पाच माणसे पुरतात. तिघांनी सर्व विभागांचे गुण द्यावेत. चौथ्याने केवळ सुरक्षितता, स्तर आणि वजावट पाहावी. पाचवा मुख्य परीक्षक असावा, ज्याने स्वतः गुण न देता पत्रिका तपासाव्यात. चौथ्या माणसाकडे गुणपत्रिका देऊ नये, कारण मान खाली घालून लिहिणाऱ्याला बेसचा सरकलेला पाय दिसत नाही.

लहान गावांत प्रत्येकाचे कुणाशी ना कुणाशी नाते निघतेच, म्हणून ‘नातेवाईक नसलेला परीक्षक’ शोधण्यात वेळ घालवू नये. त्याऐवजी प्रत्येकाकडून लेखी घ्यावे की कोणत्या संघात आपले मूल, विद्यार्थी किंवा अलीकडच्या काळात शिकवलेला गट आहे. ज्याने सहभागी संघाला त्या वर्षी शिकवले आहे त्याने गुण देऊ नयेत. त्याला वेळमापन किंवा बेरजेच्या कामातही घेऊ नये. परीक्षकांचा चहा-नाश्ता आयोजकांकडूनच व्हावा. पालकांनी प्रेमाने आणलेले घावणे आणि खाजा निकालानंतर खाल्ले तरी तितकेच चांगले लागतात.

मुंबईहून येणाऱ्या परीक्षकाला आदल्या दिवशीच बोलवावे. रात्रीच्या गाडीने निघून सकाळी रत्नागिरी किंवा कुडाळ स्थानकावर उतरलेला माणूस, गाडी वेळेवर आली तरी, पुढच्या पायरीला मुकतो.

## पायरी ६: सराव-गुणांकन करा

ही पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते. ‘सगळे अनुभवी आहेत, त्यांना काय शिकवायचे’ असे म्हणून ती सौजन्यापोटी सोडून दिली जाते. इथे कुणाला काही शिकवायचे नसते, मोजपट्टी जुळवून घ्यायची असते, आणि अनुभवी माणसांची मोजपट्टी तर अधिकच पक्की झालेली असल्याने ती जुळवायला जास्त वेळ लागतो.

1. त्याच स्तराची तीन ध्वनिचित्रणे निवडावीत: एक कच्चे, एक मध्यम, एक चांगले. मागील वर्षाच्या स्पर्धेची घेतल्यास पालकांची परवानगी असावी आणि त्या शाळा या वर्षी स्पर्धेत नसाव्यात.
2. पहिले चित्रण एकदाच, न थांबवता दाखवावे. स्पर्धेत मागे जाऊन पाहता येत नाही, म्हणून इथेही मागे जाऊ नये.
3. प्रत्येकाने गप्प राहून पत्रिका भरावी आणि सर्वांनी एकाच वेळी ती समोर ठेवावी. मुख्य परीक्षकाने आपले मत आधी बोलून दाखवल्यास बाकीचे आकडे त्याच्याकडे सरकतात.
4. एका विभागात दोन परीक्षक वेगवेगळ्या पट्ट्यांत गेले असतील तरच चर्चा करावी. एकाच पट्ट्यातला एक गुणाचा फरक सोडून द्यावा.
5. चर्चेत ‘मला असे वाटले’ ऐवजी ‘मला हे दिसले’ असे बोलावे: किती गट वर गेले, कुणाचा पाय हलला, कोणत्या ठोक्याला.
6. पट्ट्याचे शब्द संदिग्ध निघाले तर तिथेच दुरुस्त करून सर्वांच्या प्रतींवर लिहावेत.
7. उरलेली दोन चित्रणे याच रीतीने पाहावीत. तिसऱ्या वेळी सर्वजण प्रत्येक विभागात एकाच पट्ट्यात आले, तर काम झाले. आले नाहीत तर चौथे चित्रण काढावे.

सावधान: सरावासाठी ऑर्लंडो येथे होणाऱ्या जागतिक स्पर्धेची चित्रणे दाखवू नयेत. ती पाहण्यासारखी असतात यात शंका नाही, पण ती पाहून उठलेल्या परीक्षकाला दुसऱ्या दिवशी आठवीच्या मुलींचा नेटका स्टंट फिका वाटू लागतो आणि सगळी पट्टी खाली घसरते.

## पायरी ७: जागा आणि ध्वनी यांची परिस्थिती सर्वांना सारखी करा

परीक्षकांचे टेबल मॅटच्या मध्यरेषेवर, थोड्या उंचीवर आणि पाहुण्यांच्या कोचापासून दूर असावे. गुण देणाऱ्या तिघांत किमान हातभर अंतर असावे, म्हणजे शेजारच्या कागदावर नजर जाणार नाही.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत शाळेच्या पटांगणावर संध्याकाळी स्पर्धा घेण्याची पद्धत आहे. काळोख पडल्यावर दव उतरू लागते आणि मॅटचा वरचा थर ओलसर होतो. सहा वाजता उतरलेल्या संघाला जी पकड मिळाली ती नऊ वाजता उतरणाऱ्या संघाला मिळत नाही, आणि घसरण्याची वजावट मात्र त्याच्याच माथी बसते. शक्यतो सभागृह घ्यावे किंवा स्पर्धा सकाळी संपवावी. ते जमत नसेल तर प्रत्येक संघानंतर मॅट कोरड्या कापडाने पुसावी आणि सांधे दाबून पाहावेत. मॅटचा सांधा उघडल्यामुळे कुणी पडले, तर वजावट करू नये. हे मुख्य परीक्षकाने त्याच क्षणी नोंदवावे.

वीज गेली किंवा संगीत बंद पडले तर काय, हेही आधी लिहून ठेवावे. प्रचलित पद्धत अशी की दोष आयोजकांच्या यंत्रणेचा असेल तर संघाने सादरीकरण सुरुवातीपासून पुन्हा पूर्ण करायचे, मात्र गुण आणि वजावट जिथे खंड पडला तिथूनच मोजायची. खंड पडण्यापूर्वी झालेली चूक त्यामुळे पुसली जात नाही, आणि आधी नीट जमलेला स्टंट दुसऱ्या वेळी दमून चुकला तरी नुकसान होत नाही. विजेची वेगळी सोय असली तरी हा नियम छापावा.

## पायरी ८: प्रत्यक्ष गुणांकन

क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. पहिल्या संघाला गुण देताना परीक्षक हात राखून लिहितात, ‘पुढे याहून चांगले कुणी आले तर’ या विचाराने. सराव-गुणांकन झालेले असेल तर ही भीती बरीच कमी होते. तरीही स्पर्धेत नसलेल्या एखाद्या संघाचे सादरीकरण आधी ठेवून त्यालाही गुण द्यावेत आणि ते बाजूला टाकावेत.

सादरीकरण चालू असताना लिहायचे ते फक्त खुणा: किती गट, कोणती उणीव. आकडे संगीत थांबल्यावर लिहावेत, आधी पट्टा निवडून मग पट्ट्यातली जागा. मुख्य परीक्षकाने हात वर केल्याशिवाय निवेदकाने पुढच्या संघाचे नाव पुकारू नये; निवेदकाला हे दोनदा सांगावे लागते, कारण शांतता त्याला सोसवत नाही. पत्रिका प्रत्येक संघानंतर लगेच गोळा करावी. ती टेबलावर राहिली की नवव्या संघानंतर दुसऱ्या संघाचे गुण ‘जरा जास्तच झाले’ असे वाटून खोडले जातात.

सहा-सात संघांनंतर दहा मिनिटे थांबावे. बंद सभागृहातल्या दमट उकाड्यात लक्ष विरते आणि आकडे मधल्या पट्ट्यात गोळा होऊ लागतात.

तपासणी: पत्रिका घेताना मुख्य परीक्षकाने तीनच गोष्टी पाहाव्यात: रकाना रिकामा नाही ना, आकडा कमाल गुणांपेक्षा मोठा नाही ना, खाडाखोड असल्यास शेजारी सही आहे ना. आकडा पटला नाही म्हणून पत्रिका परत देण्याचा अधिकार त्याला नसावा. दोन परीक्षक दोन वेगळ्या पट्ट्यांत असतील तरच दोघांना काय दिसले ते विचारावे.

## पायरी ९: बेरीज

गुण देवनागरी अंकांत लिहायचे की इंग्रजी, हे एकदाच ठरवावे. घाईत लिहिलेला देवनागरी एक इंग्रजी नऊसारखा आणि देवनागरी चार इंग्रजी आठसारखा वाचला जातो, आणि एवढ्याने क्रमांक बदलू शकतो.

आता साधी बेरीज का पुरत नाही ते पाहा. ‘अ’ संघाला तीन परीक्षकांनी ८२, ८१ आणि ६२ गुण दिले. ‘ब’ संघाला त्याच तिघांनी अनुक्रमे ८०, ७९ आणि ७८. पहिल्या दोघांच्या मते ‘अ’ सरस आहे. बेरजेत मात्र ‘अ’ चे २२५ आणि ‘ब’ चे २३७ होतात, म्हणजे एका परीक्षकाच्या टोकाच्या आकड्याने दोघांचे मत बुडवले. तिघांच्या मंडळात म्हणून मधला आकडा घ्यावा: ‘अ’ ८१, ‘ब’ ७९. पाच जण गुण देणारे असतील तर सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा सोडून उरलेल्या तिघांची सरासरी काढावी. हे एकूण गुणांवर करायचे की विभागवार, यानेही कधीकधी निकाल बदलतो. एकूण गुणांवर केलेले हाताने पडताळायला सोपे जाते, म्हणून मी तेच सुचवीन. विभाग परीक्षकांत वाटून दिले असतील, म्हणजे एकच जण स्टंट आणि दुसराच टम्बलिंग पाहत असेल, तर ही पद्धत लागू होत नाही. वजावट या साऱ्यानंतर एकदा करावी.

बेरीज दोघांनी स्वतंत्रपणे करावी, एकाने कागदावर आणि एकाने एक्सेलमध्ये, आणि मग तिसऱ्याने दोन्ही याद्या मोठ्याने वाचून जुळवाव्यात. समान गुण झाल्यास कमी वजावट असलेला संघ वर, तेही समान असल्यास स्टंटच्या सफाईत जास्त गुण असलेला वर, त्यानंतर पिरॅमिडच्या सफाईत. याउपरही समान राहिल्यास क्रमांक विभागून द्यावा.

सावधान: बेरजेतल्या बहुतेक चुका घाईत होतात, आणि घाई होते ती प्रमुख पाहुण्यांना गाडी पकडायची असते म्हणून. पाहुण्यांचे भाषण आणि शाल-श्रीफळ बेरीज चालू असतानाच उरकावे; भाषण लांबले तर या एका प्रसंगी ते उपकारकच ठरते.

## पायरी १०: निकाल, हरकती आणि नोंदी

निकालाआधी, किमान वीस मिनिटे, प्रत्येक प्रशिक्षकाला त्याच्या संघाची वजावट दाखवावी. हरकत फक्त प्रशिक्षकाने, लेखी आणि त्याच वेळेत घ्यावी, आणि ती वजावट, स्तराचा अर्थ किंवा बेरीज यांपुरतीच असावी. ‘आमच्या मुलांना सफाईत कमी दिले’ ही हरकत होऊ शकत नाही. वजावटीवरच्या हरकतीत आयोजकांनी केलेले ध्वनिचित्रण पाहता येईल. पालकांच्या मोबाईलवरचे चित्रण ग्राह्य धरू नये, कारण ज्याच्या पालकाने चित्रण केले त्यालाच दाद मिळेल आणि इतरांना नाही.

निकालानंतर प्रत्येक संघाला त्याच्या तिन्ही पत्रिकांच्या प्रती द्याव्यात. प्रत्येक पत्रिकेवर परीक्षकाने किमान दोन वाक्ये लिहिलेली असावीत, एक काय नीट झाले याविषयी आणि एक कोणता पट्टा कशामुळे हुकला याविषयी.

मूळ पत्रिका आयोजकांनी जपून ठेवाव्यात. पुढील महिन्याभरात त्यांवरून एक साधा तक्ता करावा: प्रत्येक परीक्षकाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान एकूण आकडा, आणि प्रत्येक विभागात तिघे वेगवेगळ्या पट्ट्यांत किती वेळा गेले. ज्या विभागात हे वारंवार घडले त्याच्या पट्ट्याचे शब्द पुढच्या वर्षीचे परिपत्रक निघण्यापूर्वी पुन्हा लिहावेत. जो परीक्षक सर्व संघांना दोन-तीन गुणांच्या आत बसवतो, त्याला वगळण्याची गरज नाही. पुढच्या सराव-गुणांकनात त्याच्यासमोर कच्चे आणि चांगले चित्रण लागोपाठ लावावे आणि दोहोंच्या पत्रिका शेजारी ठेवून बोलावे.